डाव्या हाताचं बोट

दारातून आधी एक बोट आत आलं.

भास्कर नाचणकर तेव्हा खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होता. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर साबण होता, आणि बोट आलं. त्याच्यामागून मनगट आलं, मनगटावरच्या दोन काचेच्या बांगड्या आल्या आणि मग सावकाश लीला आली. लीला म्हणजे मोळीवाली. दर शनिवारी सुरंगीहून लाकडं घेऊन सिल्वासात यायची, मोळी अंगणात टाकायची, त्याच्या बायकोशी, प्रमिलाशी, दहा पैशांवरून भांडायची आणि हरून परत जायची. आज डोक्यावर मोळी नव्हती. डाव्या हाताचं पहिलं बोट तिनं भास्करच्या नाकासमोर धरलं. बोटावर कुऱ्हाडीच्या दांड्यानं पडलेले घट्टे होते, नखाच्या कडेला माती होती; एरवी ते स्वच्छ होतं.

"माना बी लाव न साहेब," ती म्हणाली. लीला सगळ्यांनाच अरेतुरे करायची. दिल्लीहून कुणी आलं असतं तरी केलं असतं.

"काय लावू?"

"ती शाई. पुरवाल्यांना लावतोस ती."

"तू कुठं पुरातली आहेस?"

"नाय ना," लीला म्हणाली. "म्हनून तर आली."

भास्करला हनुवटीवर वस्तरा लागला. रक्ताचा एक थेंब साबणात उतरला आणि गुलाबी झाला, आणि तो बघत असतानाच लीलानं उंबऱ्यावर बसून त्याला सगळं समजावून सांगितलं, जसं मास्तर ढ मुलाला सांगतो तसं. खडोलीला रस्त्याच्या खडीचं काम चाललंय. मुकादम वापीचा आहे, तो कुणाचं तोंड ओळखत नाही, नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. तो बोट बघतो. काळं असेल तर टोपली उचल, नसेल तर घरी जा. काळ्या बोटाला सव्वा रुपया. साध्या बोटाला अडीच द्यावे लागतात, सरकारचा दर आहे. "मंग साधा बोट कोन घेल?" असं विचारून तिनं आपल्या बोटाकडे बघितलं, आणि त्या बघण्यात थोडा राग होता, बोटावर.

भास्करनं तोंड पुसलं. सोमवारी कचेरीच्या रांगेत ये, बघू, असं काहीतरी तो म्हणाला. ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की दाढी अर्धीच झाली आहे, आणि उरलेली करायला हात धजत नाही.

कारण शाई ही त्याची कल्पना होती. आयुष्यात त्याला सुचलेली एकमेव कल्पना. ऑगस्टात तापी चढली आणि काठची गावं घेऊन गेली, तेव्हा सिल्वासात बसून लोकांनी रेडिओवर ऐकलं, च्च च्च केलं आणि चहा घेतला. आठ दिवसांनी वापीच्या स्टेशनावर ती गावं उतरायला लागली. उतरून चालत दमणगंगा ओलांडून इकडे यायला लागली, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सिल्वासात थेट दिल्लीचं राज्य आहे, मधे खाणारा कुणी नाही. ही बातमी कुणी पसरवली ते कळलं नाही. सिल्वासातल्या कचेरीत काम करणाऱ्या माणसानं पसरवली नव्हती, एवढं नक्की. पोर्तुगीज गेल्याला चौदा वर्षं झाली होती. त्यांच्या कौलारू कचेरीच्या व्हरांड्यात माणसं झोपायला लागली, देवळामागे झोपायला लागली, आठवडे बाजारात ज्या दिवशी बाजार नसेल त्या दिवशी झोपायला लागली आणि बाजाराच्या दिवशी उठेनाशी झाली. मग वरून लाल मिलो आला, अमेरिकेची ज्वारी, कुटुंबामागे सात किलो आणि एक घोंगडी, आणि वाटायला भास्कर नाचणकर, हंगामी कारकून, सात वर्षं हंगामी. पहिल्याच दिवशी दुपारच्या रांगेत त्याला सकाळची माणसं दिसली. पागोटं काढून आलेली, पदर दुसऱ्या खांद्यावर घेऊन आलेली, मूल बदलून आलेली. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. भास्करला का दिसली, याचा विचार तेव्हा त्यानं केला नाही. त्याला फक्त कपाट आठवलं, आणि कपाटात गेल्या साली लोकसभेच्या मतदानातून उरलेल्या शाईच्या चार बाटल्या. घासून जात नाही, धुऊन जात नाही, नखाबरोबर वाढून जाईल तेव्हा जाते. एकदा बोट काळं झालं की मिलो घेऊन झाला. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढला आणि घराच्या वळचणीला अचानक मोर बसलेला दिसावा तसं त्याच्याकडे बघितलं. "नाचणकर, डोकं आहे तुम्हाला," ते म्हणाले. मग त्यांनी फायलीवर लिहिलं, "योग्य ती खूण करून दुबार वाटप रोखले. कर्मचारी अत्यंत कल्पक. सेवेत कायम करावे." योग्य ती खूण म्हणजे कुठली, ते लिहिलं नव्हतं. फायलीत शाईचा थेंबही नव्हता.

तो कागद दिल्लीला गेला होता आणि दिवाळीच्या आसपास यायचा होता. कायम म्हणजे क्वार्टर. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि नळ. प्रमिलाला सहावा महिना होता आणि तिनं नळ मनातल्या मनात बसवूनही टाकला होता, दारातून शिरल्यावर उजव्या हाताला.

सोमवारी लीला रांगेत होती. तिच्यामागे आणखी पाचसहा सुरंगीचे, नेहमीसारखे कमरेला कोयता अडकवलेले, पुरातून कोयता वाचवून आणल्यासारखे. भास्करनं मान खाली घालून विचारलं, "गाव?"

"परकाशा," लीला म्हणाली. कुणीतरी तिच्याकडून ते घोकून घेतलं होतं.

"नदी कुठली?"

लीला थांबली. घोकताना नदी राहिली होती. "दमणगंगा," ती म्हणाली.

भास्करनं तापी लिहिलं. लिहिताना त्याला जाणवलं की पुढच्या माणसानं वळून बघितलंय. पुढे मंगला नावाची खानदेशी बाई होती, खरोखर प्रकाशाची. नवरा, दोन बैल आणि घर एका रात्रीत गमावलेली. तिनं लीलाकडे पाहिलं, कोयत्यांकडे पाहिलं. आता ही ओरडणार, असं भास्करला वाटलं, आणि ओरडली तर बरं होईल असंही वाटलं. आपल्याला नाही म्हणावं लागणार नाही.

"तुमच्या गावची आहे का ही?" त्यानं विचारलं.

मंगलानं आपलं काळं बोट पदरात गुंडाळलं. "आमनीच शे," ती म्हणाली. "पाणी इतलं व्हतं भाऊ, कोन कोठे वाहीसन गया, काय सांगू. लाव तू."

त्यानं लावली. लीलाचं बोट त्याच्या हातात आलं तेव्हा ते गरम होतं, आणि शाई लागताना तिनं श्वास धरला, टोचून घेताना धरतात तसा. मग ती बाजूला झाली आणि उन्हात बोट वाळवत उभी राहिली. शाई आधी जांभळी होती, मग उन्हानं काळी पडत गेली. ती त्याच्याकडे बघून हसली. त्यानंतरच्या बारा दिवसांत प्रकाशा गावचे दोन हजारांवर लोक भास्करसमोरून गेले. जनगणनेत बघितलं असतं तर गाव तेवढं मोठं निघालंही नसतं. कुणाची नदी दमणगंगा होती, एकाची विहीर होती, खेरडीच्या एका गड्यानं विचार करून "समुद्र" असं सांगितलं. भास्करनं सगळीकडे तापी लिहिलं. दया म्हणून लिहिलं की आळसानं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्याला ती दया वाटायची, आणि संध्याकाळी घरी चालताना आळस.

आणि सिल्वासा स्वस्त झालं. हे हळूहळू झालं, ओल भिंतीत चढते तसं. आधी खडीचा दर पडला, मग शेतावरचा पडला, मग मोळीचा पडला, कारण मोळी विकायला आता पूरवालेही जंगलात जायला लागले. घरभाडी तेवढी चढली. प्रमिलाला धुण्याला बाई मिळाली, महिन्याला दोन रुपये, सणाला जुनं लुगडं. "पुराचं काही का असेना," प्रमिला म्हणाली, "माझी कंबर वाचली." बाई मागच्या दारी दगडावर भास्करचा सदरा घासायची, आणि काळं बोट कॉलरवर मागेपुढे, मागेपुढे जाताना भास्कर बघायचा. सदरा कधी नव्हे इतका पांढरा निघायला लागला. तो घालून कचेरीत जाताना मान अवघडायची.

त्याच दिवसांत पंचायतीची निवडणूक लागली. सुरंगीच्या बाजूला एकीकडून कंत्राटदार ठाकोरभाई उभे राहिले, छत्री घेऊन. खडोलीचं काम त्यांचंच. दुसरीकडून लीलाच्या पाड्यावरचा रमण वरठा, चौथी शिकलेला, निशाणी कोंबडा. रमणचं म्हणणं एकच होतं, की कामावर आधी इथली माणसं घ्या आणि ठरलेले अडीच रुपये द्या. पाड्यापाड्यांवर लोक मान डोलवत होते. सकाळी मान डोलवायची आणि दिवसभर सव्वा रुपयावर काळ्या बोटानं खडी फोडायची. ठाकोरभाई निवांत होते. त्यांच्या निवांतपणाचं कारण भास्करला एका गुरुवारी कळलं. टेबलावर पाकीट पडलं होतं, त्यात नेमणुकीचा हुकूम. मतदान केंद्र सुरंगी शाळा, केंद्राध्यक्ष मधुकर पाटणकर, मतदान अधिकारी क्रमांक दोन भास्कर नाचणकर. काम: मतदाराच्या डाव्या हाताची तर्जनी तपासणे, शाईची खूण नसल्याची खात्री करणे, खूण असल्यास मतपत्रिका न देणे, नसल्यास खूण करणे.

त्यानं हुकूम तीनदा वाचला. मग त्याला हसू आलं. सगळ्या सुरंगीनं मत देऊन झालं होतं. मतदानाच्या तीन आठवडे आधी, सात किलो मिलोसकट, भास्कर नाचणकरच्या हातून.

मधुकरराव पाटणकर म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क, अलिबागचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. जगात जे जे काही होतं त्यावर एक परिपत्रक आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. भास्करनं त्यांना सांगितलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. त्यांनी कातरणं थांबवलं नाही.

"तुम्ही काय केलंत?"

"शाई लावली."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही. योग्य ती खूण, एवढंच आहे."

"मग तुम्ही शाई लावलेली नाही. जे फायलीत नाही ते झालेलं नाही. तुम्हाला वाटतंय ते झालं, कारण तुम्ही तिथं होता." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आणि समजा तुम्ही लिहून दिलंत की निवडणुकीची शाई धान्याला वापरली. सरकारी वस्तूचा गैरवापर. कायम जाऊ दे, हंगामीही राहत नाही. बायकोला कितवा?"

"सहावा."

"मग," मधुकरराव म्हणाले, आणि त्या "मग"वर प्रकरण बंद झालं.

प्रमिलानं ते आणखी थोडक्यात बंद केलं. "तोंड उघडायचंच असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जाऊन उघडा," ती म्हणाली. पण जेवताना तिनं त्याला दोनदा भात वाढला आणि मग बराच वेळ भिंतीच्या उजव्या बाजूकडे बघत बसली.

त्या आठवड्यात भास्कर लोकांचे हात बघायला लागला. चहाची कपबशी देणारा हात, पोष्टातला तिकिटं फाडणारा हात. आणि बघता बघता एक फार जुना, तांदूळ मापणारा हात वर आला, जो त्यानं नीट झाकून ठेवला होता. तो आठ वर्षांचा असताना गावाकडे वादळ झालं होतं. समुद्रानं माड उपटून आणून शाळेच्या दारात आडवे टाकले होते, आणि त्याच शाळेत चार दिवसांनी तांदूळ वाटत होते. सकाळी आई त्याला घेऊन रांगेत उभी राहिली. दुपारी घरी येऊन तिनं लुगडं उलटं नेसलं, दांडाची शिवण बाहेर दिसणारं, नाकातली चमकी काढून हळदीच्या डबीत ठेवली, आणि म्हणाली, आता मला आई म्हणायचं नाही. मावशी म्हणायचं. रांगेत तो तोंडातल्या तोंडात मावशी मावशी घोकत होता. घोकता घोकता शब्द सुटा झाला आणि बाजूला उभी असलेली बाई खरोखरच परकी वाटायला लागली. तिच्या उघड्या नाकाला एक भोक होतं, आणि त्या भोकातून पलीकडचा उजेड दिसेल असं त्याला वाटत होतं. टेबलामागचा कारकून टक्कल पडलेला होता. त्यानं भास्करकडे बघितलं. "ही तुझी कोण?" "मावशी," भास्कर म्हणाला. कारकुनानं आईच्या नाकाकडे बघितलं, उलट्या शिवणीकडे बघितलं, आणि तांदूळ मापला. इतकी वर्षं भास्करला वाटत होतं की आपण त्याला फसवलं. आता, सिल्वासाच्या पोष्टात उभं असताना, पंधरा पैशांचं तिकीट जिभेला लावता लावता त्याला कळलं की त्या माणसाला सगळं दिसलं होतं. दिसलं होतं, आणि त्यानं कुठलीही बाटली शोधून काढली नव्हती. तिकीट जिभेलाच चिकटून राहिलं. मागचा माणूस म्हणाला, भाई, आगे बढो.

मतदानाच्या दिवशी सुरंगीच्या शाळेत आठ वाजल्यापासून म्हातारे आले. म्हाताऱ्यांना मुकादम घेत नव्हता, म्हणून त्यांनी शाई लावून घेतली नव्हती. त्यांची बोटं स्वच्छ होती. भास्कर हात धरी, बघे, लावी, सोडी. लीलाचा बाप देवू काठी टेकत आला, मत दिलं आणि घरी जायचं सोडून व्हरांड्यात टेकला, लेकीची वाट बघत. दहा वाजेपर्यंत एकोणीस मतं पडली आणि सगळे मिळून त्यांची वयं हजारावर गेली असती. मग तरणी माणसं आली. आज कामाला अर्धा दिवस सुट्टी होती, ठाकोरभाईंनीच दिली होती. पहिलीच लीला. तिनं सवयीनं डावा हात पुढे केला. तर्जनी काळी.

टेबलाशी दोन्ही उमेदवारांचे एजंट बसले होते. ठाकोरभाईंचा एजंट नुसता खाकरला.

"झालेलं दिसतंय हिचं," मधुकरराव हळूच म्हणाले. "पुढचा."

"माना कागद नाय दिला अजून," लीला म्हणाली.

"बोट काय सांगतंय?"

"बोट खडोलीचं सांगतं," लीला म्हणाली, आणि भास्करकडे बघितलं. नुसतं बघितलं. तिला त्याच्याकडून काही हवं होतं असं नाही. हा माणूस इथं आहे, यालाच माहीत आहे, तर आता हा बोलेल, एवढंच. पाऊस आला की वहाळाला पाणी येईल, तितक्या सहज. तिच्यामागे रांग होती. भास्करनं ती बघितली तेव्हा त्याला माणसं दिसलीच नाहीत, नुसते हात लोंबताना दिसले. उठून शाळेमागे जावं, उशीर करावा, दुपार करावी, म्हातारं व्हावं. त्याऐवजी त्याचा उजवा हात कागदाकडे गेला. हाताला कुणी विचारलं नव्हतं. "सदर मतदारांच्या तर्जनीवरील खूण मतदानाची नसून मदतवाटपाची आहे. ती निवडणुकीच्या शाईने मी स्वतः केलेली आहे. भा. वि. नाचणकर, हंगामी कारकून." हंगामी लिहिताना त्याचं अक्षर नेहमीपेक्षा सुवाच्य आलं.

मधुकररावांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि पाकिटात घालून लाखेनं बंद केला. वयस्क माणसाचं तरुण माणसाला तिरडीवर बांधताना होतं तसं त्यांचं तोंड झालं. "आता हे फायलीत आलं," ते म्हणाले. "म्हणजे झालं." मग त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. तर्जनी उपलब्ध नसल्यास दुसरं बोट. "मधलं धरा. द्या तिला कागद."

ठाकोरभाईंचा एजंट काही बोलेल असं वाटलं होतं. तो घड्याळ बघून उठला. शेठनी मांडव घातला होता, जेवणात बुंदीचे लाडू होते, आणि लाडू सर्वांना होते. रमणचा एजंटही त्याच्याबरोबर गेला.

भास्करनं काडी बाटलीत बुडवली आणि लीलाचा हात धरला. आत काहीतरी हलकं झालं होतं, ताप उतरल्यावर होतं तसं. दोन खोल्या गेल्या, नळ गेला, पण हे होतं. काडी मधल्या बोटाशी आली आणि लीलानं हात मागे ओढून घेतला.

"नको."

"नको काय? मत द्यायचं ना?"

"मत द्यायचं. शाई नको." तिनं मूठ मिटली. "पूरवाल्यांना एक बोट. माना दोन. उद्या मुकादम बघल न बोलल, ही दोन बोटांची, ही हितली, हिनं मत दिला. अडीचवाली. जा घरी."

मागे रांगेत कुजबुज गेली आणि एकेक मूठ मिटत गेली. भास्करला ते ऐकू आल्यासारखं वाटलं, मुठींचं मिटणं, लाजाळूची पानं मिटावीत तसं.

"खूण तर आहेच एक," तो मधुकररावांना म्हणाला. "तीच धरा ना."

"ती मदतीची. तुम्हीच लिहून दिलंयत. न लिहितात तर ती मतदानाची होती." मधुकरराव समजुतीनं बोलत होते. "मतदानाची वेगळी हवी."

"रमण आला तर अडीच मिळतील तुला," भास्कर लीलाला म्हणाला. बोलताना त्याला स्वतःचा आवाज एखाद्या भिंतीवरच्या जाहिरातीसारखा ऐकू आला.

"तो येल तवा येल. मुकादम उद्या येल." तिनं व्हरांड्याकडे बघितलं. तिथं देवू भिंतीला टेकून बसला होता, स्वतःचं काळं बोट ऐटीत गुडघ्यावर ठेवून. लीला म्हणाली, "बाबाला लाव."

"काय?"

"माझी शाई बाबाच्या बोटाला लाव. त्याला कोन काम देतंय?"

भास्कर हसला. दुसरं कुणीच हसलं नाही. देवूनं सगळं ऐकलं होतं. त्यानं काठी बाजूला ठेवली, टेबलाजवळ येऊन खाली बसला आणि डावा पंजा उघडून वर धरला. तर्जनी त्याची स्वतःची होती. मधलं बोट त्यानं हलवून दाखवलं, हे मोकळं आहे अशा अर्थानं.

भास्करनं केंद्राध्यक्षांकडे बघितलं. मधुकररावांनी पुस्तक चाळलं. बोट नसल्यास मनगट, हातच नसल्यास उरलेला भाग, सगळं होतं, मनुष्याचं जे जे तुटू शकतं ते सगळं शासनाला आधीच सुचलं होतं. बाप नव्हता. त्यांनी पुस्तक मिटलं, पिशवीतून डबा काढला आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. "मी जेवतोय," ते भिंतीला म्हणाले. "जेवताना मी कागद बघत नाही. पचत नाही."

मधलं बोट लीलाचं झालं. अनामिका तिच्या भावजयीची. करंगळी एका पोराची, पहिल्यांदाच मत देणाऱ्या. जो तो येऊन आधी देवूसमोर वाकून आपलं बोट निवडी, मग कागद घेऊन पडद्याआड जाई. देवू लग्नात आहेर घ्यायला बसलेल्या माणसासारखा चेहरा करून बसला होता. डावा हात संपला. उजवा संपला, अंगठ्यासकट. दोन्ही पंजे वाळवायला त्यानं उन्हात धरले, तेव्हा त्याला नमस्कार करायचाय की शरण जायचंय ते कळेना. भास्करनं मान वर करून रांग मोजली. एकतीस. सकाळची बाकीची म्हातारी माणसं मतं देऊन आपापल्या पाड्यांवर गेली होती, चार मैल, सहा मैल. मांडवाच्या बाजूनं जीप सुरू होत होती, बंद पडत होती, परत सुरू होत होती. जेवणं उरकली असावीत.

"संपली," भास्कर म्हणाला. त्याच्या हातात काडी होती आणि काडीच्या टोकाला एक थेंब, पडू का नको करणारा.

रांगेतला पहिला माणूस स्वतःच्या मुठीकडे बघत उभा राहिला. लीला पडद्याआडून बाहेर येऊन केव्हाची दाराशी थांबली होती. देवूनं एकदा लेकीकडे बघितलं, एकदा रांगेकडे. मग हात टेकून तो थोडा मागे सरकला, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि डावा पाय भास्करच्या पुढ्यात लांब केला. पाऊल भेगांनी फाटलं होतं, मातीनं राखाडी झालं होतं.

"हे कोन नाय बघं," तो म्हणाला.

भास्कर खुर्चीवरून उठला आणि त्याच्या पायाशी उकिडवा बसला. सदऱ्याच्या पांढऱ्या बाहीनं त्यानं अंगठा पुसून काढला. थेंब टेकवताना त्याचं कपाळ म्हाताऱ्याच्या गुडघ्याला लागलं. बाहेर जीप आता बंद न पडता चालू राहिली होती.

"नाचणकर," मधुकरराव भिंतीकडे तोंड करून, घास तोंडात असताना म्हणाले, "संपलं का?"

"नाही," भास्कर म्हणाला. "अजून नऊ बोटं आहेत."